घर गेल्यावरचा संसार: बेघर कुटुंबावरची कादंबरी खरी कशी वाटेल?

प्रश्न असा आहे: नाशिकच्या एका लेखिकेने कादंबरीची १४० पानं लिहिली आहेत. अंबडच्या कारखान्यात कंत्राटी काम करणारा नवरा, बायको, शाळेत जाणारी दोन मुलं आणि सासू. नवऱ्याच्या हाताला अपघात होतो, काम सुटतं, सिडकोतली भाड्याची खोली जाते, कुटुंब गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, येऊन राहतं. एक चहावाला आधार देतो आणि शेवटी एक उद्योजक त्यांना फ्लॅट देतो. वाचणारे म्हणतात, ‘रडू येतं, पण खरं वाटत नाही.’ काय चुकतंय?

उत्तर:

रडू येतं ते राहू द्या. खरं का वाटत नाही, हे मात्र भाषेत किंवा भावनेत शोधू नका, हिशेबात शोधा. तुमच्या सारांशात अपघात झाला की लगेच काम सुटतं, खोली जाते आणि पुढच्याच अर्ध्या वाक्यात कुटुंब घाटावर. इतक्या झटपट कुणी रस्त्यावर येत नाही. मधे सहा-आठ महिने जातात आणि चार-पाच मुक्काम होतात. कादंबरी त्या मुक्कामांतच आहे, आणि तुम्ही तीच ओलांडून पुढे गेलात.

सुरुवात अपघातापासून करू. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कारखान्यातला कामगार ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) कक्षेत येतो. कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत त्याला सरासरी वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते आणि उपचार फुकट. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उमेदवारी केलेला कुठलाही वाचक दहाव्या पानावर थांबून विचारणार: याची ईएसआय कुठे गेली? उत्तर कथेत हवं. कंत्राटदार पगारातून कपात करत होता, पण नाव चढवलंच नव्हतं आणि हजेरीची वही पेन्सिलीने लिहिलेली होती, एवढं पुरतं. हक्क होता, पुरावा नव्हता. अपघाताच्या दिवशीच्या रकान्यात खोडरबर फिरवलेला कागद त्याच्या बायकोला दिसतो, हा प्रसंग दवाखान्यातल्या तीन पानांच्या आक्रोशापेक्षा जास्त काम करील.

मग खोली. मालक येऊन सामान बाहेर फेकतो हे सिनेमात होतं. खऱ्या आयुष्यात तो अनामत रकमेतून भाडं वळतं करत राहतो. अनामत संपते त्या महिन्यात गोड बोलून म्हणतो, ‘आमच्या मेव्हण्याला खोली लागतेय.’ इथे एक कायद्याची गोष्ट उपयोगी पडेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकावर असते. तो नोंदवलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे ज्या दिवशी तुमचं कुटुंब मान खाली घालून बाहेर पडलं, त्या दिवशी कागदावर त्यांचीच बाजू बळकट होती. हे त्यांना तेव्हा कळू देऊ नका. पुढे कधीतरी, दुसऱ्याच कामासाठी गेलेल्या ठिकाणी, कुणाच्या तरी बोलण्यातून कळू द्या. तेव्हा नवरा-बायकोत जे भांडण होईल ते लिहा.

पुढचा मुक्काम नातेवाइकांचा. पहिल्या कादंबऱ्यांत हमखास राहून जातो तो हाच. जनगणनेची बेघराची व्याख्या उघड्यावर, फुटपाथवर, पुलाखाली, मोठ्या पाइपांत, फलाटावर, देवळाच्या आवारात झोपणाऱ्यांची आहे. भावाच्या दहा बाय दहाच्या खोलीत कोंबलेलं कुटुंब तिच्यात बसत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख आणि महाराष्ट्रात २.१ लाख लोक बेघर मोजले गेले, ते ही सगळी माणसं वगळून.

समजा धाकटा भाऊ सिडकोतच राहतो. तिथे दुष्ट जाऊबाई नको; चांगली जाऊबाई ठेवा, म्हणजे प्रसंग कठीण होतो. ती कणीक मळायला बसते. रोजच्या चार वाट्या घेते, मग पाच माणसं आठवतात, डब्यात हात घालते आणि वाटी डब्याच्या बुडाला खरवडल्याचा आवाज येतो. तो आवाज मोरीत भांडी घासणाऱ्या थोरलीला ऐकू जातो. दोघींपैकी कुणी काही बोलत नाही. धाकटी आमटीत तांब्याभर पाणी वाढवते आणि म्हणते, ‘ताई, आज जरा पातळच केली, ह्यांना पातळ आवडते.’ दुसऱ्या दिवशी थोरली नवऱ्याला म्हणते, निघू या. कुणी हाकललेलं नाही, म्हणूनच परत जाता येत नाही.

इथेच तुमच्या कथानकात एक मोठं भोक आहे. सासू गंगेवर का आली? ती दोघांचीही आई आहे. धाकट्याकडे छप्पर असताना थोरल्याबरोबर ती रस्त्यावर येते याला कारण हवं, आणि ‘मायेपोटी’ हे कारण पुरत नाही. चांगलं कारण सामानात आहे. उघड्यावर राहणाऱ्या कुटुंबात चोवीस तास एका माणसाला गाठोड्यापाशी बसावं लागतं. त्यात आधार कार्डं, रेशन कार्ड, दप्तरं, दवाखान्याचे कागद, एक पातेलं आणि रात्रीची पांघरुणं असतात. ते गेलं की सगळं गेलं. बायकोने कामावर जायचं, नवऱ्याने ड्रेसिंगला जायचं, मुलांनी शाळेत जायचं, तर बसणार कोण? धाकट्याच्या घरी म्हातारी ही एक जास्तीची ताटली आहे. थोरल्याच्या संसारात ती नसेल तर संसारच चालत नाही. तिला हे कळतं आणि ती स्वतःहून उठते. हे तिच्या तोंडून मात्र वदवू नका. तिने गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा आपल्या पद्धतीने बांधली एवढंच दाखवा.

आता हिशेबाची वही. कादंबरीचं एक पानही पुढे लिहिण्याआधी या कुटुंबाचा रोजचा जमाखर्च मांडा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही बाजारात फिरून घ्या.

बायको मंगल कार्यालयात भांडी घासते, रोज ३५० रुपये. खर्च: पाच जणांचं सार्वजनिक शौचालय २५, दोघी बायकांची आंघोळ २०, चहा ३०, मुलांचं दूध १५. रात्रीचं पीठ, तेल-मिरची, भाजी आणि जळण मिळून ११०. ड्रेसिंग आणि गोळ्या ४०, मोबाइल चार्जिंग १०, कामावर जायचं-यायचं भाडं ३०. बेरीज २८०. शिल्लक ७०.

साधी खोली पुन्हा घ्यायची तर अनामत १५,००० आणि पहिलं भाडं ५,००० धरा. २०,००० भागिले ७० म्हणजे २८६ दिवस. साडेनऊ महिने, एकही खाडा न करता. आणि एक खाडा पडला की गाडीभाडं सोडून त्या दिवसाचे २५० बचतीतून जातात, म्हणजे साडेतीन दिवसांची शिल्लक. बायकोला तीन दिवस ताप आला की जवळजवळ अकरा दिवसांची शिल्लक गेली. लग्नसराई संपली की कार्यालयातलं कामच बंद.

ही वही हाताशी असली की तुम्हाला संकटं शोधत बसावं लागत नाही. ट्रकची धडक, मुलाचं अपहरण वगैरे काही लागत नाही. चपलेचा अंगठा तुटणं पुरतं. आणि तुमचा खरा विषय, दया, तीही याच वहीत मोजता येते. पंचवटीतल्या एखाद्या वाड्यातली बाई म्हणाली, ‘पहाटे पाचला या दोघी, आमच्या मोरीत आंघोळ करून जा.’ रोजचे २० वाचले, शिल्लक ७० ची ९० झाली, २८६ दिवसांचे २२३ झाले. त्या मोरीने त्यांना ६३ दिवस दिले. हा आकडा कादंबरीत छापायची गरज नाही, पण तुम्हाला तो माहीत असला की त्या बाईला ‘देवमाणूस’ म्हणावं लागणार नाही.

मात्र त्या बाईलाही ती मोरी फुकट पडता कामा नये. जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या वाड्यांत बरेच जण वर्षानुवर्षांचे भाडेकरू आहेत, आणि दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते. या बाईच्या दारावरही ती लावा. नळाला पाणी ठरावीक वेळ. शेजारीण कुरकुरते की दोन परक्या बायका रोज बादल्या भरतात. मालक अशा कारणाचीच वाट बघतोय. आता ती रोज पहाटे दार उघडते तेव्हा काहीतरी पणाला लावते. एखाद्या दिवशी तिला दार उघडायला उशीर होऊ दे. एखाद्या दिवशी उघडूच नये. मदत करणारा माणूस कंटाळतो, चिडतो, बोलून दाखवतो आणि तरी दुसऱ्या दिवशी मदत करतो, हे लिहिता आलं तर वाचकाला प्रेरणा शोधून द्यावी लागत नाही.

चहावाल्याचंही तेच. तुमचा चहावाला फुकट चहा पाजतो आणि धीर देतो. चहा काढून घ्या. त्याने टपरीखालच्या कप्प्यात रात्रंदिवस गाठोडं ठेवू दिलं असं करा. लगेच कथानक हलतं: सासू मोकळी होते. ती ७५ पूर्ण असेल तर एसटीचा प्रवास तिला फुकट आहे, ऑगस्ट २०२२ पासून. डिसेंबरात निफाडचा पारा पेपरात झळकायला लागतो तेव्हा ही म्हातारी आधार कार्ड दाखवून त्र्यंबकच्या गाडीत बसते, खिडकी लावून तासभर झोपते, उतरते, परतीच्या गाडीत पुन्हा झोपते. कंडक्टरला चौथ्या दिवशी कळतं. तो काय करतो, हे एक अख्खं प्रकरण आहे. (आणि त्यासाठी आधार कार्ड गाठोड्यातून निघून तिच्या कमरेच्या पिशवीत यायला हवं. ते हरवण्याची भीती वेगळी.)

पण इथे वर्ष पक्कं करा. एसटीची ही सवलत हवी असेल तर तुम्हाला २०१६ चा किंवा २०१९ चा ऑगस्टमधला महापूर वापरता येणार नाही. महापालिकेच्या सिटीलिंक बस २०२१ च्या. सिंहस्थ २०१५ चा घ्यायचा की २०२६-२७ च्या तयारीची धामधूम, तेही ठरवा. नाशिकचा वाचक या बाबतीत निर्दय आहे.

घाट लिहिताना तिथलं वेळापत्रक मांडून ठेवा. तुम्ही नुसतं ‘गोदावरीचा रम्य किनारा’ लिहिलंत तर तो कुठलाही किनारा होईल. पटांगणात बुधवारी आठवडे बाजार भरतो, म्हणजे मंगळवारी रात्रीची झोपायची जागा बुधवारी भाजीवाल्यांची असते. रामकुंडावर दशक्रियेची गर्दी सकाळची. पितृपक्षात अन्नाची ददात नसते, पुढच्या पंधरवड्यात तेच लोक वळून बघत नाहीत. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की टपऱ्या उचलायची धावपळ होते आणि लोक नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून पाणी मोजतात: घोट्याला लागलं, गुडघ्याला, कमरेला. तुमच्या कुटुंबातल्या मुलाने हे मोजमाप दोनच दिवसांत शिकलेलं असावं. थंडीत घाटाचा दगड अंगातली ऊब खालून ओढून घेतो, म्हणून अंगावरच्या दुसऱ्या गोधडीपेक्षा अंगाखालचा पुठ्ठा जास्त मोलाचा. पुठ्ठ्याला दुकानांच्या मागे भांडणं होतात, ती लिहा.

स्टेशनावर झोपवणार असाल तर नाशिकरोडचं फलाट तिकीट १० रुपयांचं आणि दोन तास चालणारं, हे लक्षात ठेवा. पाच जणांनी रात्र काढायचा हिशेब तुम्हीच करा. धर्मशाळेत ओळखपत्र लागतं आणि मुक्कामाचे दिवस मोजून असतात. गाडगे महाराजांनी नाशकात धर्मशाळा बांधली, घाटाजवळच्या पुलालाही त्यांचं नाव आहे. महाराज आधी गाव झाडायचे, मग भाकरी घ्यायचे. तुमच्या नायकाला, एका हाताने का होईना, टपरीसमोरचा रस्ता झाडू द्या. गाठोडं ठेवून घेणाऱ्याशी त्याचं नातं त्याने बदलतं, आणि त्याचा मोडलेला स्वाभिमान वगैरे शब्दांत सांगावा लागत नाही.

सरकारी बाजू तुमच्या मसुद्यात फक्त काठी उगारणाऱ्या पोलिसापुरती दिसते. तिच्यात याहून बरंच नाट्य आहे. २०२४ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषाप्रमाणे शहरात दर लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा कायमस्वरूपी निवारा हवा होता, माणशी किमान ५० चौरस फूट जागा. नाशिकची २०११ ची लोकसंख्या १४.८६ लाख, म्हणजे साधारण पंधरा निवारे. प्रत्यक्षात किती आहेत आणि त्यांत कुटुंबाला एकत्र राहता येतं का, हे महापालिकेत जाऊन विचारा. पुरुषांचा वेगळा आणि बायकांचा वेगळा असेल तर तुमच्या पात्रांपुढे प्रश्न उभा राहतो: छप्पर घ्यायचं की एकत्र राहायचं? तेरा वर्षांचा मुलगा कुठल्या बाजूला झोपणार? बरीच कुटुंबं निवाऱ्यात का जात नाहीत याचं उत्तर इथे आहे, आणि ते आळशीपणाचं नाही.

भिक्षा प्रतिबंधक कायदा १९५९ चा आहे. त्याची व्याख्या हात पसरण्यापुरती नाही. उदरनिर्वाहाचं दिसेल असं साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणं किंवा थांबणंही, भिकेवर जगतो असं वाटण्याजोगं असेल, तर तिच्यात येऊ शकतं. पहिल्यांदा दोषी ठरलं तरी एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. म्हणून बायको कामावरून परतताना मंगल कार्यालयाचा मळका एप्रन मुद्दाम अंगावर ठेवते. एवढं दाखवलंत की पोलिसाच्या काठीची गरज नाही.

शाळेचं: आठवीपर्यंत कागदपत्रांअभावी प्रवेश नाकारता येत नाही, दाखला उशिरा आला हेही कारण चालत नाही. पण दोघं मुलं सिडकोतली शाळाच सोडायला तयार नसतील तर? तिथे कुणाला काही माहीत नाही. रोजचं भाडं वहीत चढतं, आणि मुलगी मैत्रिणीला सांगते की आम्ही पंचवटीत मोठ्या घरात राहायला गेलो.

मतदार यादी ही सगळ्यात न वापरलेली जागा. बेघर माणसालाही नाव नोंदवता येतं. नमुना ६ मध्ये झोपायचं ठिकाण लिहायचं, आणि बीएलओने (मतदान केंद्राच्या पातळीवरच्या निवडणूक अधिकाऱ्याने) एकापेक्षा जास्त रात्री तिथे येऊन माणूस खरोखर तिथेच झोपतो का ते पाहायचं. पटलं तर राहण्याचा वेगळा पुरावा लागत नाही. बीएलओ अनेकदा शिक्षक असतात. रात्री साडेदहाला बॅटरी घेऊन आलेल्या बाई मुलीच्या वर्गशिक्षिका निघाल्या तर? मुलीने तोंडावर पांघरूण ओढलेलं, बाईंनी ते पाहिलेलं. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना बाई तिच्या नावावर थांबतात की नेहमीच्याच वेगाने पुढे जातात? नेहमीच्या वेगाने पुढे जाणं ही त्या कादंबरीतली सर्वांत मोठी दया ठरू शकेल.

भाषेबद्दल थोडक्यात. सिडकोत कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) आणि खान्देशातली कुटुंबं खूप. तुमचं कुटुंब तिकडचं असेल तर सासू अहिराणी बोलेल, मुलगा तिला उत्तर अर्धं अहिराणी अर्धं नाशिकचं देईल आणि नातवंडं शाळेची मराठी बोलतील. सून तिला ‘आत्याबाई’ म्हणते की ‘आई’, हे पहिल्या पानापासून एकच ठेवा. निवेदनात ‘गोदावरी’ लिहा, पात्रांच्या तोंडी ‘गंगा’च. आणि मसुद्यातून तीन शब्द शोधून उडवा: ‘देवासारखा’, ‘नियती’ आणि ‘डोळे पाणावले’. उडवल्यावर जिथे वाक्य पोकळ वाटेल तिथे एखादी वस्तू घाला.

राहिला उद्योजकाचा फ्लॅट. तो काढा. फ्लॅट दिल्याने आधीची १४० पानं वाया जातात, कारण त्या पानांतल्या कुठल्याच गोष्टीमुळे तो मिळालेला नाही. शिवाय मेंटेनन्स आणि वीजबिल यांचा विचार त्या उद्योजकाने केलेला दिसत नाही. त्यांना खोलीच मिळू दे. आठ-नऊ महिन्यांनी, वहीत बसणारी, वाड्यातल्या बाईच्या ओळखीची, अनामत दोन हप्त्यांत. या वेळी करार नोंदवायचा हट्ट बायको धरते, कारण मधल्या काळात ती शिकलीय. मालक कुरकुरतो. ती सहीसाठी पेन पुढे करते, पेन्सिल नव्हे.

शेवटच्या प्रकरणात गृहप्रवेश, औक्षण, पेढे लिहायचा मोह होईल. त्याऐवजी पहिली रात्र लिहा. दार आतून लावलंय. सगळे ओळीने आडवे झालेत, सवयीने भिंतीकडे पाठ करून. सासू मात्र गाठोड्याला टेकून बसलेली. सून म्हणते, ‘आत्याबाई, झोपा आता, कडी लावलीय.’ म्हातारी उठते, कडी हलवून बघते, परत येऊन तिथेच बसते.

इथे थांबा. ती कधी झोपली ते लिहू नका.